होईलकाकांची सुनावणी

माझ्या सासऱ्यांना बाजारात सगळे होईलकाका म्हणतात. आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर उभं राहून त्यांनी उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. कुणी तेलाचा डाग आणो, कुणी शाईचा, कुणी संध्याकाळी घालायचा कोट भर दुपारी आणून टाको, मामंजी कापड दोन बोटांत चोळून बघतात आणि म्हणतात, "होऊन जाईल." गिऱ्हाईक वळलं की तेच कापड घेऊन जिना चढून वर घरात येतात आणि मला सांगतात, "हे काही निघायचं नाही बघ." मग त्याच्या मागे लागतात आणि बहुतेक वेळा काढतातही. हो खाली म्हणायचं आणि नाही वर, असा आमच्या दुकानाचा रिवाज. माझा नवरा म्हणायचा, बाबांचा नकार जिना उतरत नाही.

नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं. एका सकाळी तो उठलाच नाही, एवढंच. त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. दाढ काढायच्या आधी सुई टोचून बधिर करतात, तसं. फक्त ही सुई उतरत नव्हती. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. म्हणोत बापडे. मी दुकानात बसत होते, कपड्यांना चिठ्ठ्या लावत होते, दोन वेळा स्वयंपाक करत होते आणि मामंजींनी जेवताना काही विचारलं तर उत्तर देत होते.

दुकानाचा परवाना मामंजींनी पूर्वीच मुलाच्या नावावर केला होता, तो आता माझ्या नावावर झाला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "कागदावर कुणी का असेना," ते म्हणाले, "बॉयलर मीच पेटवणार." आणि तसंच चाललं होतं.

अशात एक दिवस शेजारच्या गल्लीतला रंगारी सरकारी मसुदा घेऊन आला. तो आमच्या छोट्या दुकानदारांच्या संघटनेचा अध्यक्ष. कापड रंगवून रंगवून त्याचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे झालेत. त्याने मसुदा काउंटरवर आपटला. "वाचा वहिनी. ज्या इमारतीत बॉयलर, त्या इमारतीत माणसांनी राहायचं नाही."

कुठल्याशा मोठ्या कारखान्यात बॉयलर फुटला होता आणि वरच्या मजल्यावर झोपलेली माणसं गेली होती. नियम त्यावरून आला होता आणि त्यात चूक काहीच नव्हतं. फक्त कारखान्यातला खोलीएवढा बॉयलर आणि आमचा कपाटाएवढा, दोघांना एकच कलम लावलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तशातली गत.

म्हणजे आता एक तर खालचं दुकान बंद करायचं, नाही तर वरचं घर. दुकान बंद केलं तर खायचं काय, आणि दुसरीकडे दोन खोल्या घ्यायची आमची ऐपत नव्हती. घर सोडावं लागलं असतं तर मामंजींना नणंद घेऊन गेली असती. तिने तसं बोलूनही दाखवलं होतं. मला माझ्या भावाने बोलावलं असतं. सून आणि सासरा, मधला माणूस गेल्यावर एकत्र राहतात ते कशाच्या जोरावर? एक घर आहे म्हणून. ते गेलं की मी भावाच्या घरून दुकान उघडायला येणार आणि मामंजी लेकीकडे एका कोपऱ्यात खाट टाकून बसणार. हे मला लख्ख कळत होतं. वाटत नव्हतं, पण कळत होतं.

मसुद्याच्या शेवटी लिहिलं होतं की नियम पक्का करण्याआधी लहान व्यावसायिकांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. रंगारी म्हणाला, "आजवर दंड करायलाच यायचे. आता ऐकायला बोलावतायत. बोलायचं कुणी?"

तो स्वतः बोलला असता, पण तोंडाचा फटकळ. मागे पाण्याच्या जोडणीवरून एका साहेबाला असं काही बोलून आला की पाणी आणखी लांबलं. सगळ्यांनी एकमुखाने होईलकाकांचं नाव घेतलं. वयाने मोठे, जिभेवर साखर, आणि बॉयलरवर आयुष्य गेलेलं.

मामंजी वर्षभरात पहिल्यांदा ताठ बसलेले दिसले. स्वयंपाकघरात मला साहेब करून त्यांनी तालीम केली. मी पोळ्या लाटत साहेब झाले. ते म्हणायचे, "आम्ही वर झोपतो म्हणूनच खालच्यावर लक्ष राहतं. आवाज जरा बदलला तरी माझी झोप उडते. घर हलवलंत तर बॉयलर एकटा पडेल हो, साहेब." छान बोलायचे. मी लाटता लाटता मान डोलवायची. साहेब कधी प्रश्नही विचारतात, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सुनावणी एका लांबट सभागृहात होती. मांडीला चिकटणाऱ्या खुर्च्या, मध्येच शिट्टी मारणारा माईक, पाण्याच्या बाटल्या. इस्त्रीवाले असून मामंजींच्या अंगावर नेहमी चुरगळलेला शर्ट असायचा, पण त्या दिवशी त्यांच्या बाहीवर माशी घसरली असती. समोर एक अधिकारी बाई होत्या. वाईट नव्हत्या. खरं तर इतक्या चांगल्या होत्या की तिथेच घोटाळा झाला. त्यांनी मामंजींना बसायला सांगितलं, पाणी दिलं, मध्ये न तोडता सगळं ऐकलं. शेजारच्या टायपिस्टला म्हणाल्या, "हे झोपेचं नीट लिहा, महत्त्वाचं आहे." रंगाऱ्याने मला कोपराने ढोसलं. झालं, जिंकलो, असा त्याचा चेहरा.

मग बाई टेबलावर दोन्ही हात टेकवून पुढे वाकल्या, अगदी काउंटरवर वाकतात तशा. मसुदा त्यांनी मामंजींच्या दिशेने सरकवला आणि मऊ आवाजात विचारलं, "काका, समजा तुम्हाला दोन वर्षांची मुदत दिली, तर तेवढ्यात राहायची सोय दुसरीकडे होईल का?"

मामंजींनी तो कागद दोन बोटांत चोळला. मला दिसलं. पुढे काय येणार हेही कळलं.

"होऊन जाईल, बाई," ते म्हणाले.

टायपिस्टने ते टाइप केलं. बाई समाधानाने हसल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. मी उठायला हवं होतं का? रंगारी अर्धवट उठला आणि बसला. भर सभेत होईलकाकांना खोटं पाडायचं बळ त्याच्या निळ्या हातांत नव्हतं. मी माझे हात पाहत राहिले. ते मांडीवर होते आणि दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असे गप्प होते.

बाहेर आल्यावर रंगारी पायरीवर डोकं धरून बसला. मामंजी मात्र खुशीत होते. "ऐकून घेतलं हो सगळं," ते म्हणाले. "एकदाही तोडलं नाही. मी नीट बोललो ना गं?"

"नीट बोललात," मी म्हणाले.

त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. होऊन जाईल हे त्यांच्या लेखी उत्तर नव्हतंच. समोरच्याला बरं वाटावं म्हणून करायचा नमस्कार होता तो. खरं उत्तर वर घरी सांगायचं असतं. आणि सरकार काही जिना चढून वर येत नाही.

रंगारी दुसऱ्या दिवशी मामंजी बॉयलरपाशी आहेत असं बघून आला. "वहिनी, सगळं नीट मांडलं आणि शेवटच्या एका शब्दात घालवलं काकांनी. बाकीचे दुकानदार म्हणतात, काकांचं होऊ शकतं तर तुमचंही होईल, असंच सरकार धरेल. आता एकच वाट. परवाना तुमच्या नावावर आहे ना? मग दुकानाचं म्हणणं ते तुमचं म्हणणं. तुम्ही जा."

"मी काय बोलू?"

"त्यांनी सांगितलं तेच सांगा. फक्त शेवटी नाही म्हणा."

मी गेले. मामंजींना सांगितलं, चिठ्ठ्यांचा दोरा संपलाय, आणायला जाते.

बाईंनी मला ओळखलं. मी सगळं सांगितलं, वर झोपण्याचं, आवाजाचं, आणि शेवटी म्हणाले, "दोन वर्षांत होणार नाही. कधीच होणार नाही. घर गेलं तर आमचं घर राहणार नाही." वाक्य धड नव्हतं, पण बाईंना कळलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"अहो, मलाही हे कलम लहानांना लावावंसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याच दुकानातून आधी होकार आलाय. एका दुकानाची दोन म्हणणी ठेवता येत नाहीत. तुमचं ठेवायचं तर त्यांचं काढावं लागेल."

"काढा."

"असं नाही काढता येत. एकदा नोंदलेलं म्हणणं एकाच कारणाने निघतं. बोलणाऱ्याचा त्या व्यवसायाशी संबंध नव्हता, असं परवानाधारकाने सांगितलं तर."

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी पेन उघडलं. त्या घाई करत नव्हत्या.

"ते परवान्यावर आहेत?"

"नाहीत."

"पगारावर?"

"नाहीत."

"भागीदार?"

"नाहीत."

सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. दुकानाची फळी त्यांनी ठोकली होती, बॉयलर त्यांनी आणला होता, माझ्या नवऱ्याला त्यांनी त्याच काउंटरवर बसवून पाढे शिकवले होते, पण यातलं काही कुणी विचारलं नाही.

"मग त्यांचा या धंद्याशी संबंध काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं, मी सही केली. सही करताना मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. दोरा घ्यायला मात्र मी विसरले नाही.

नियम पक्का होऊन आला तेव्हा त्यात लहान बॉयलरसाठी वेगळं पोटकलम होतं. मालक वर राहत असेल तर राहू द्यावं, वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. रंगारी धावत आला आणि त्याने मामंजींना उचलायचंच बाकी ठेवलं. गल्लीतले चार जण जमले. मामंजी काउंटरला टेकून उभे राहिले, घसा खाकरला आणि सुनावणीत आपण काय काय बोललो ते पहिल्यापासून सांगू लागले. झोपेचं सांगितलं. बॉयलर एकटा पडण्याचं सांगितलं, त्यावर सगळे हसले. शेवटचा प्रश्न त्यांच्या लक्षातही नव्हता. रंगारी माझ्याकडे बघायचं टाळत होता.

लोक पांगल्यावर मामंजी जिना चढून वर आले. मी भाजी निवडत होते. ते माझ्यासमोर पाटावर बसले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा सैल झाला होता.

"तुला सांगतो," ते म्हणाले, "माझा तर विश्वास नव्हता. म्हटलं, आपल्यासारख्यांचं कोण ऐकतंय. पण बघ, ज्याचा संबंध आहे त्याने स्वतः जाऊन बोललं की ऐकावंच लागतं त्यांना. परक्याने बोलून नसतं झालं हे."

माझ्या हातातली शेंग मोडायची राहिली. घशापासून खाली सगळं एकदम दुखायला लागलं, वर्षभराचं साचलेलं, जिथे हात लावावा तिथे.

"काय गं? खरं की नाही?"

"खरं आहे, मामंजी," मी म्हणाले, आणि पुढची शेंग घेतली.