दारात बाबा आहेत

समोरच्या पोराने हात पुढे केला. लंब्याने हात मिळवला आणि घड्याळ थांबवलं.

संपलं. शेवटची फेरी जिंकली की संघात जागा पक्की, नाहीतर बुद्धिबळाचा पट माळ्यावर आणि लंब्या दहावीच्या क्लासला, असं बाबांनी सकाळीच बजावलं होतं. बरोबरीही चालणार नव्हती. आता जिंकल्यावर खरं तर उडी मारायला हवी होती. पण दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा होतो ना, तसं त्याचं आतून सगळं झालं होतं.

"ड्रॉ ना?" पोरगं म्हणालं. नऊ वर्षांचं, वीतभर. टेबल उंच पडतं म्हणून खुर्चीवर गुडघे टेकून बसलेलं.

लंब्याने पंचांना बोलावलं. त्यांनी पट पाहिला. लंब्याचा एक हत्ती जास्त.

"काय रे, हात कशाला दिलास? हरलास म्हणून?"

पोराने काचेच्या दाराकडे पाहिलं. बाहेर त्याचे बाबा काचेला नाक लावून उभे होते.

"ड्रॉ मागितला, सर."

"तू ऐकलंस?" पंचांनी लंब्याला विचारलं.

"नाही. बोललाच नाही तो काही."

"मग खेळा पुढे. आणि आता तोंड उघडून बोला, बाबांनो."

घड्याळ पुन्हा सुरू झालं. पंच दुसऱ्या टेबलाकडे वळले तसं पोरगं वाकून कुजबुजलं, "दादा, लवकर मात कर ना. मला शूला लागलीय."

"जा की मग."

"दारात बाबा आहेत."

"हरलो म्हण. सुटशील."

"तसं म्हणायचं नाही. आमच्याकडे चालत नाही."

लंब्याने मान डोलावली. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटेना. दोन प्यादी खायला मिळत होती, ती सोडून त्याने सरळ राजाला गाठलं. सात चालींत मात. या वेळी पोराने हात दिला नाही. दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून ते खुर्चीवरून उतरलं आणि बाबांच्या बगलेखालून पळालं.

"अरे, थांब! कुठे चुकलास ते सांग आधी!" बाबा त्याच्यामागे धावले.

लंब्याचे बाबा जिन्यात भेटले. निकाल ऐकून त्यांनी पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"वाघ आहेस! अरे, हस की जरा. मेल्यासारखा काय उभा?"

"हसतो," लंब्या म्हणाला. "घरी गेल्यावर."