खारीला लावलेले पंख

काकांनी कापड ओढलं आणि पुतणी दोन पावलं पुढं आली. संग्रहालयासाठी मेल्या जिवात पेंढा भरावा तो काकांनीच, पण त्यांचा जन्म गेला पाखरं भरण्यात. म्हणून उडत्या खारीलाही त्यांनी पाखरूच करून टाकलं होतं. अंगाच्या कातड्याची झालर पंखांसारखी वर, तोंड आभाळाकडे. शेजारचा समुद्रपक्षीही त्याच थाटात, जणू सख्खी भावंडं.

उद्या संग्रहालयात समिती येणार होती, पुतणीचं म्हणणं ऐकायला. नवा रस्ता या खारींच्या झाडीतून न्यायचा की वळवायचा, ते ती ठरवणार. ही खार बघून कोणीही म्हणालं असतं, झाडं तोडा, ती जाईल उडून पलीकडे.

"काका, हे उसवायचं," पुतणी म्हणाली.

काकांनी कापडाची घडी घातली. मग म्हणाले, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून भरतोय. नावातच उडती आहे, तर काय रांगती दाखवू? पुतणी हसली, पण जागची हलली नाही. देवानं हवा दोघांनाही दिली, पण वाटा वेगळ्या, असं तिनं समजावलं. पक्ष्याला पिसं आणि पोकळ हाडं. तो समुद्र ओलांडतो, पण अंडी घालतो बेटावरच्या उघड्या जमिनीवर. त्याला वाचवायचं तर ती अंडी खाणारी मांजरं बेटावरून हलवायला हवीत. खार उंदरांच्या गोतातली, पिलांना पाजणारी. ती उंच झाडावरून तरंगत खाली उतरते, बस्स. पुढं झाडच नसेल तर तिचा संसार आटोपला.

"दोघं एकाच माळेचे मणी केले, तर औषध चुकेल, काका."

काकांनी झालरीवरून बोट फिरवलं, पुढच्या पंजापासून मागच्यापर्यंत.

"तरीच झालर वर जात नव्हती," ते पुटपुटले. "मी दामटून नेली."

आणि त्यांनी कात्री उचलली. ओल्या फडक्यांत कातडं मऊ होईपर्यंत दोघं राबली. संध्याकाळी खार एका उंच खांबावरून ठेंगण्या खांबाकडे निघाली होती, चारी पाय पसरून.

सकाळी समितीच्या अध्यक्षबाईंनी नेमकं तेच विचारलं: उडती ना, मग रस्ता ओलांडेल की. पुतणीनं तोंड उघडायच्या आत काका पुढं झाले.

"पंख मीच लावले होते, बाई. तिला नव्हते. काल उसवले."

बाई वाकल्या. टाके अजून दिसत होते. दोन खांबांमधलं अंतर त्यांनी नजरेनं मोजलं.

"रस्ता कुठून वळवता येईल, ते दाखवा," त्या म्हणाल्या.

पुतणीनं नकाशा पसरला. काका मात्र समुद्रपक्ष्यापाशी उभे होते.

"आता मांजरांचं कधी घ्यायचं?" त्यांनी विचारलं.