माया ठेवून शिवलेला कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे. रंग राखाडी, कोपरांवर थोडा झिजलेला. मित्रांनो, बहुतेक कोट गिऱ्हाइकांसाठी शिवले जातात. मला मात्र शिंप्याने स्वतःसाठी शिवलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझं कापड बेततानाच ते बायकोला म्हणाले होते, "एवढ्यात दोन गिऱ्हाइकं निघाली असती. मी एकटाच संपवतोय."

शिवताना त्यांनी भरपूर माया ठेवली. तुम्हाला वाटेल, कोटाला कसली माया! शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग वाढलं की उसवायचं आणि सैल करायचं. मास्तर वाढतच होते, त्यामुळे माझी माया वर्षागणिक संपत आली.

पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, रक्तातली साखर वाढली, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. मास्तरांनी विचार करून होकार दिला आणि शस्त्रक्रिया नीट पार पडली.

मग कौतुकाचे दिवस आले. मास्तर अंगाने उतरत गेले आणि माझ्या शिवणी आत घेत गेले. बाजूच्या शिवणी इतक्या सरकल्या की माझे खिसे पाठीकडे गेले. रुमाल काढायचा तर मास्तर पाठ खाजवताहेत असं वाटे. दुकानात येणारा प्रत्येक जण थक्क होई.

"मास्तर, अर्धे कुठं ठेवून आलात?"

"मजा आहे बुवा तुमची!"

मास्तर हसून म्हणत, "एकदम मस्त."

मी त्यांच्या छातीला लागून होतो. मला तसं काही जाणवत नव्हतं. अंगावरचं मांस उतरल्यापासून त्यांना फार थंडी वाजे, म्हणून भर उन्हाळ्यातही ते मला घालून बसत. माझ्या कॉलरवर त्यांचे केस गळत. बायकोच्या नजरेला पडण्याआधी ते झटकून टाकत. एकदा एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर त्यांनी केकचा मोठा तुकडा खाल्ला आणि वर पाणी प्यायले. थोड्याच वेळात माझं अस्तर घामाने भिजलं. आत काळीज धाडधाड उडू लागलं. मास्तर कापडाच्या ठाणांआड जाऊन खाली बसले.

पूर्वी गिऱ्हाईक भांडून गेलं की मास्तर काहीतरी तोंडात टाकत आणि शांत होत. आता तो रस्ता बंद झाला होता, भांडणारी गिऱ्हाइकं मात्र तशीच येत होती. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी मळमळतं म्हणून त्याही त्यांनी गुपचूप सोडल्या. सगळं जग 'वा' म्हणत असताना आपण 'हाय' कसं म्हणायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

एका दुपारी मास्तरांनी बँडवाल्याचा कोट कापला. काज-बटणांचं काम त्यांची बायको करी. तिने बाहीचे तुकडे उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "अहो, माया कुठंय?"

मास्तर भडकले. "माया? दिवसभर उभा राहून मरतोय, घास गिळवत नाही, तरी कुणाला एक शब्द बोललो नाही. आणि तू मलाच विचारतेस, माया कुठंय?"

"अहो, कापडाची विचारतेय! आतल्या रेघेवरच कातर चालवलीत."

आतली रेघ शिवणीची आणि बाहेरची कापायची, हे शिंप्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मास्तरांनी तुकडा हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"बोटांना खडू कळत नाही गं," ते म्हणाले. "मुंग्या येतात. चक्कर येत होती, कुठली रेघ कुठली तेच समजेना."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. थंडी, घाम, सोडलेल्या गोळ्या. शेवटी केस.

"केसांचं मला ठाऊक होतं. कोट कोण झाडतं? वाटलं, तुम्हीच सांगाल." ती म्हणाली. "आणि ओरडायचंच होतं तर पोट भरून तरी ओरडायचं."

"पोट आहेच केवढं आता!"

दोघंही हसली. मग तिने दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

रक्तात जीवनसत्त्व कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या बदलून मिळाल्या. आहाराचं बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "मास्तर, जठर लहान केलंय, डोकं आहे तेवढंच आहे. त्यालाही वेळ द्या. गोड टाळा, हळू खा, जेवताना पाणी नको. केस बहुतेक परत येतील. गोळ्या मात्र जन्मभर घ्यायच्या. आणि मुंग्या आल्या की लगेच यायचं, लोकांचं कापड फुकट जाईपर्यंत थांबायचं नाही."

तिथेच अशी शस्त्रक्रिया झालेली माणसं आठवड्यातून एकदा एकत्र बसत. मास्तर गेले आणि माझ्या बटणाशी चाळा करत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. त्यांची पाळी आली. "माझं एकदम..." म्हणून ते अडखळले. मग म्हणाले, "मला भीती वाटते."

शेजारी एक ट्रकचालक होता. "मलापण," तो म्हणाला आणि खुर्ची जरा जवळ ओढून बसला. माझ्या अस्तराखाली मास्तरांच्या छातीचे ठोके हळूहळू संथ झाले.

मास्तरांच्या मुंग्या कमी झाल्या आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत. बँडवाल्याचा कोट त्यांनी नव्या कापडातून पुन्हा कापला. मीही अजून त्यांच्या अंगावर आहे.

मित्रांनो, माझी शिवण उसवली तर ती कुणालाही दिसते. माणसाचं तसं नसतं. तुमच्या ओळखीचं कुणी बारीक होऊन समोर आलं, तर 'मजा आहे' म्हणून पुढे जाऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "बरं वाटतंय का?" आणि खरं उत्तर येईपर्यंत उठू नका.