सगळ्यात निवांत पाव

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर कडाक्याची थंडी, आत गाद्यांवर मांडीला मांडी लावून बसलेल्या बायका, भिंतीला टेकलेले त्यांचे नवरे आणि सगळ्यांवर नजर ठेवायला आलेल्या सासवा. प्रत्येकीच्या मुठीत एक काळा खडा होता. समोर निवांतबाबा डोळे मिटून बसले होते. निवांत बसायला त्यांचं काय जात होतं, सकाळी उठून कामावर थोडंच जायचं होतं त्यांना.

"सैल सोडा," बाबा म्हणाले. "खांदे सैल, जबडा सैल, विचार सैल. तुमच्या पोटात ताण दबा धरून बसलाय. येणारा जीव दारातून डोकावतो, आत भांडण दिसतं आणि आल्या पावली परत जातो. अशा घरी पाहुणा तरी थांबेल का?"

दोघीतिघींना रडू फुटलं. मग गरम काढ्याचे पेले फिरले. पेला दोन्ही हातांत धरायचा, घोट घोट प्यायचा, बाबांचं पुटपुटणं ऐकायचं आणि पुन्हा खडा मुठीत घ्यायचा. बाबांनी टाळी वाजवली की मुठी उघडायच्या. मुठी उघडल्या आणि काळे खडे निळेशार झाले होते. निळ्या खड्याच्या बायका उजवीकडे जाऊन बसल्या. ज्यांचा काळाच राहिला त्या 'आवळलेल्या'. त्यांनी डावीकडे बसायचं, म्हणजे सगळ्या गल्लीला कळतं.

डावीकडे आज एकटी फूलवालीच होती. मागच्या खेपेलाही तीच होती.

फुलांच्या मोठ्या दुकानातल्या शीतगृहात ती कामाला होती. दिवसभर गार पाण्यात हात, देठ छाटायचे, बादल्या भरायच्या, आणि तिथूनच तडक ती इथे यायची. काढ्याच्या वासानं तिला मळमळायचं, म्हणून पेला ती गुपचूप गादीमागे सरकवायची. खडा काही केल्या रंग बदलत नव्हता. तिचा नवरा मात्र बेकरीत भट्टीपुढे असायचा. एकदा बाबांनी त्याच्या हातात खडा दिला, तर काढ्याचा थेंबही न घेता खडा निळा झाला.

"हा मनुष्य म्हणजे साक्षात शांती," बाबांनी जाहीर केलं. "दोष कुठे आहे, ते मी कशाला सांगू?"

न सांगता त्यांनी सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून घरात एकच पालुपद सुरू झालं. डॉक्टरबाईंनी दोघांनाही तपासण्या करायला सांगितल्या होत्या. फूलवालीनं आपल्या सगळ्या करून घेतल्या, त्यांत काही निघालं नाही. नवऱ्याकडे विषय काढला की तो म्हणायचा, "मला कशाला? माझा खडा निळा आहे." माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पण नवरा वाईट असला काय आणि भित्रा असला काय, सोसायचं बायकोलाच.

"बाबा म्हणतात, नोकरी सोड," सासूबाईंनी घरी आल्याआल्या विषय काढला. "चार महिने नुसती पडून राहा. आम्ही काय तुझ्या वाईटावर आहोत का?"

"आई, तिथे गेलं की मला बरं वाटतं. तिथे कोणी मला निवांत राहा म्हणत नाही."

"बघ, हाच तो ताण," नवरा म्हणाला.

महिनाअखेर राजीनामा द्यायचं ठरलं. तिचं वय काही थांबून राहणार नव्हतं, आणि ज्याला तपासायला हवं होतं तो खडा दाखवत फिरत होता. दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली.

"नवरा कुठंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"त्यांचा खडा निळा आहे," ती म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तिला लाज वाटली.

"बघू तो खडा." फूलवालीनं पिशवीतून आपलाच खडा काढून दिला.

डॉक्टरबाईंच्या टेबलावर चहाचा पेला होता. तो जरा निवला होता. त्यांनी खडा पेल्याला टेकवला. खडा निळा झाला. मग नळाखाली धरला. काळा झाला.

"हे थर्मामीटर आहे, आणि तेही हलक्या प्रतीचं. कातडीची ऊब लागली की आतला थर रंग बदलतो. घाबरलं की बोटं गार पडतात, तेवढं खरं. पण बादलीभर गार पाण्यानंही पडतातच की. बाकीच्या पेशंट सांगतात, तिथे आधी गरम काढा देतात. तो कशासाठी, आता कळलं का?"

फूलवालीला गादीमागे सरकवलेले सगळे पेले आठवले.

"पण ताणामुळे मूल राहत नाही, हे तरी खरं ना?"

"ताण फारच वाढला तर पाळी मागेपुढे होते, झोप उडते, एकमेकांजवळ जाणं नकोसं होतं. म्हणून विश्रांती घ्या, जरूर घ्या, पण स्वतःला बरं वाटावं म्हणून. रोजच्या काळजीनं मुलं अडली असती तर युद्धात आणि दुष्काळात पाळणे हललेच नसते. बहुतेक घरांत उलटंच असतं. मूल होत नाही म्हणून ताण येतो. नवरा काय करतो तुमचा?"

"बेकरीत असतात. दिवसभर भट्टीपुढे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आधी त्याला पाठवा. सतत उष्णतेत राहिल्यानं पुरुषाचे शुक्राणू कमी होऊ शकतात. झालेच असतील असं नाही. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?"

म्हणजे ज्या उबेची तपासणी व्हायला हवी होती, तिचीच बाबांनी आरती ओवाळली होती. फूलवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या बैठकीला ती बेकरीतला एक पाव फडक्यात गुंडाळून घेऊन आली. कोमट होता, हाताला सुखद लागेल इतका. टाळी वाजली, मुठी उघडल्या. ती उठली, बाबांच्या पुढ्यात पाव ठेवला आणि वर आपला काळा खडा. बघता बघता खडा निळा झाला, उजवीकडच्या कोणाहीपेक्षा गडद.

"बाबा, या हॉलमध्ये याच्याइतकं निवांत कोणी नाही," ती म्हणाली. "याला दिवस कधी जातील?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"अन्नातही प्राण असतो, ताई," बाबा म्हणाले. आवाज अजून मधाळ होता, पण डोळे टक्क उघडले होते.

उजवीकडच्या एका बाईनं आपला निळा खडा पाण्याच्या तांब्यात टाकला. काढला तेव्हा तो काळा होता. तिनं तो शेजारणीला दाखवला.

"अविश्वासानं खडा बिघडतो," बाबा घाईघाईनं म्हणाले. "आणि इथे येऊन ज्यांची कूस उजवली, त्या बायका काय खोट्या?"

"त्या खऱ्याच," फूलवाली म्हणाली. "ज्यांना राहायचं त्यांना राहतं, त्यांना तुम्ही सगळ्यांपुढे मिरवता. नाही राहिलं तिला डावीकडे बसवून सांगता, तूच सैल सोडलं नाहीस. जमलं तर बाबांमुळे, फसलं तर बाईमुळे. असा धंदा तर पावसुद्धा करेल."

आता हॉलच हसला. बाबा ध्यानाची वेळ झाली म्हणून मागच्या दारानं आत गेले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी मुलाचा हात हातात घेऊन तळवा चाचपून पाहिला.

"भट्टीवर लागलास तेव्हापासून हात असाच ऊन असतो तुझा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, लेकराची तब्येत चांगली आहे. उद्या दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर."

दवाखान्याच्या बाकावर नवरा तळवे चोळत बसला होता. "हात गार पडलेत गं," तो पुटपुटला.

"असू देत," फूलवाली म्हणाली. "माझे चार वर्षं गारच आहेत."

शुक्राणू कमी निघाले. डॉक्टरबाईंनी त्याला भट्टीवरून गल्ल्यावर बसायला सांगितलं आणि औषधं सुरू केली. मूल होईलच अशी हमी त्यांनी दिली नाही. हमी न देणारं माणूस फूलवालीला फार दिवसांनी भेटलं होतं. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

निवांतबाबांनी हॉल सोडला, पण ते दुसऱ्या गावात दुसरा हॉल घेतीलच, कारण रडणाऱ्या बायका आणि भित्रे नवरे कुठेही मिळतात. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा. मूल हवं असेल तर दोघांनी तपासून घ्या, एकटीला पुढे ढकलू नका. आणि "तू फार टेन्शन घेतेस" असं कोणी एखादीला म्हणालं, तर आधी विचारा, नवऱ्याची तपासणी झाली का? सासूबाई आता गल्लीत सगळ्यांना हेच विचारतात.