दोन महाराज का दिसले नाहीत?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या म्हणून लोक खिडक्यांत चढून बसले होते, आणि मंचावर चमचेमहाराज बाह्या सरसावून उभे होते. महाराजांची ख्याती अशी, की पितळी चमच्याने ते डोळा बाजूला सारतात आणि मेंदूच्या तळाशी वाढलेली गाठ अलगद बाहेर काढतात. भूल नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही. अक्कलही नाही, एवढंच फलकावर लिहायचं राहून गेलं होतं.

पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाई दातओठ खात बसल्या होत्या, कारण मंचावरच्या खुर्चीत त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. उजव्या डोळ्यामागे गाठ, डोळा पुढे आलेला, नजर दिवसेंदिवस मंद होत चाललेली. उशीर झाला तर त्या डोळ्याने पुन्हा काही दिसणार नव्हतं. शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. वरच्या पापणीच्या घडीत बारीक छेद घ्यायचा, पातळ पट्टीने डोळा हळूच एका बाजूला धरायचा आणि त्या वाटेने गाठ काढायची. बहिणीने हे नीट समजावलं, आणि तिथेच घोटाळा झाला. "डोळा सरकवणार?" म्हणून भावाने जी हाय खाल्ली, तो तडक इथे येऊन बसला. दवाखान्यात पट्टीने सरकवला तर भीती, आणि इथे जेवणाच्या चमच्याने सरकवला तर भक्ती!

महाराजांनी आधी डबीतलं अंजन बोटाने डोळ्यात घातलं. भाऊ कळवळला. मग चमचा खालच्या पापणीआड गेला.

"बाळा, दोन्ही डोळे उघडे ठेव. माझ्याकडे बघ. तुझा डोळा मी अंगठाभर सारतोय! कवटीची कवाडं उघडताहेत! चुंबकीय लहरी उसळताहेत! आली... आली... ही बघा!"

चमच्यावर लालभडक गोळी होती. ताट धरून उभ्या असलेल्या काकूंनी ती झेलली आणि जयजयकाराने छत दणाणलं. काकूंच्या लेकीची गाठ महाराजांनी अशीच काढली होती. तेव्हापासून काकू ताट सोडत नव्हत्या, आणि दिसेल त्याला इथे ओढून आणत होत्या.

"धाकटे, उद्याचं रद्द कर," भाऊ मंचावरूनच म्हणाला. "एकदम हलकं वाटतंय गं."

डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशा शस्त्रक्रियेत डोळा धरून ठेवणं हे त्यांचंच तर काम. वाकवता येणारी पातळ पट्टी, तिच्याखाली ओला मऊ कापडाचा तुकडा, हाताला जराही हिसका नाही. अधूनमधून पट्टी ढिली करून डोळ्याला उसंत द्यायची, बाहुलीवर सतत नजर ठेवायची. इतकं जिवापाड जपायच्या जागी हा भामटा आमटी ढवळावी तसा चमचा फिरवत होता. आणि म्हणे अंगठाभर! त्या तरातरा मंचावर चढल्या.

"दादा, एकच विचारते. ह्यांनी डोळा सारला तेव्हा तुला महाराज किती दिसले?"

"किती म्हणजे? एकच."

"नीट आठव."

"अगं, एवढा धिप्पाड माणूस! दोन असते तर कळलं नसतं का?"

बाई लोकांकडे वळल्या. "सगळ्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवा. एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, पापणीवरून, बोट हलकेच दाबा. अगदी हलकेच हं. आता महाराजांकडे बघा."

"अगं बाई, दोन दिसतात!" कोणीतरी ओरडलं.

"एकच सोसवत नव्हता, हा दुसरा कुठून आला?" खिडकीतून आवाज आला. हशा पिकला. भावानेही बोट लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. "दोन आहेत गं. एक जरा पुसट."

"डोळा केसभर हलला तरी जागेपणी दोन दिसतात. अंगठाभर सारल्यावर एकच दिसला, म्हणजे डोळा जागचा हललाच नाही. मग मागून गाठ आली कुठून?"

"मी दिव्य डोळा सारतो, चामड्याचा नव्हे!" महाराज गरजले.

"गाठ तरी चामड्याची आहे ना? मग आणा इकडे."

बाईंनी गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. लाल रंग सुटला आणि वर पांढरा कापूस तरंगायला लागला. डोळ्यामागची गाठ, आणि कापसाची! त्यांनी अंजनाची डबी उपडी केली. काळ्या थराखालून तशाच लाल गोळ्या घरंगळल्या.

"खालच्या पापणीआड एक खिसा असतो. अंजनाबरोबर गोळी तिथे सरकवायची. डोळा चुरचुरतो, त्यात ती कळत नाही. मग चमच्याने काढायची. खिसेकापू निदान दुसऱ्याचं काढतो, ह्यांनी आपलंच ठेवून आपणच काढलं!"

महाराजांनी मागच्या दाराने धूम ठोकली. चमचासुद्धा विसरले. लोक हसत होते. काकू तेवढ्या हसत नव्हत्या. ताट घेऊन त्या बाईंसमोर आल्या.

"मग माझ्या लेकीची गाठ?"

"कशी आहे ती?"

"म्हणते, डाव्या डोळ्याने काहीच दिसेनासं झालंय. मी म्हटलं, तुझी श्रद्धा कमी पडतेय."

 बाईंचा राग कुठल्या कुठे गेला.

"गाठ जिथे होती तिथेच आहे, काकू. वाढलीही असेल. किती नजर परत येईल ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. उद्या दादाबरोबर तिलाही आणा."

"मी वाटेत घेईन तिला," भाऊ म्हणाला. रद्द करायचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही.

"आणि तुम्ही सगळे," बाई म्हणाल्या, "भीती वाटली तर विचारा. माझ्यावरही शंका घ्या, मला राग येणार नाही. पण कोणी काही सांगितलं की ते खरं कशावरून, एवढं बघा. त्याला डॉक्टर लागत नाही. आज नुसतं बोट पुरलं."

काकूंनी ताट खाली ठेवलं आणि फोन लावला.

"उद्या सकाळी आवरून बस गं, दवाखान्यात जायचंय," त्या म्हणाल्या. "आणि तुझी श्रद्धा कमी नव्हती पडली. माझी अक्कल कमी पडली."