कुलपातल्या पिशव्या

गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळवायचंच, असं सरपंच अमरसिंहांनी ठरवलं होतं. ओल्या कचऱ्याच्या डब्यात घालायच्या, कुजून खत होणाऱ्या पिशव्या दिवाळीतच आल्या. लोक वापरून संपवतील, म्हणून त्यांनी त्या पत्र्याच्या खोलीत कुलपात ठेवल्या. मे महिन्यात तपासणीला साहेब आले, त्या सकाळी कुलूप काढून एक पिशवी डब्यात लावली. सरपंचांनी स्वतः डब्यातून भरलेली पिशवी उचलली. तिचा तळ फाटला आणि कांद्याची सालं, चहाचा चोथा साहेबांच्या बुटांवर पडला.

"कावून फाटली बे?" सरपंच शिपायावर ओरडले.

"त्याला कावून बोलता?" बघायला जमलेल्यांतली म्हातारी बायनाबाई म्हणाली. "सा महिने तापल्या पत्र्याखाली पिशवीचा पापडच व्हणार. कुजायची वस्तू कुनी दागिन्यावानी जपतं व्हय, सरपंच?"

साहेबांनी बक्षिसाच्या यादीतून गावाचं नाव खोडलं. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी फोटोवाला बोलावून उरलेल्या पिशव्या घरोघरी वाटल्या.