उजव्या बाजूची मूठ

भाचीने बोटीच्या छतावर टेप चिकटवून दोन्ही बाजूंच्या खुणा केल्या होत्या, पण ड्रिलला हात लावला नव्हता. फायबरच्या छताला भोक एकदा पडलं की पडलं.

बसवायचे होते आउटरिगर. म्हणजे छतावरून दोन्ही अंगांना पंखांसारखे उघडणारे लांब दांडे. त्यांच्यामुळे मागे सोडलेले गळ एकमेकांत गुंतत नाहीत. दांडा उघडायचा तो छताखालची मूठ फिरवून.

मावशी हौशी लोकांना मासेमारीला नेई, आणि सुकाणू तिच्याच हाती असे. पण ऑपरेशन झाल्यापासून तिचा उजवा हात पुरता वर जात नव्हता. ती मूठ तिला फिरवता आली नाही, तर सुकाणू काकांनी घ्यायचं, असं घरात ठरलं होतं.

"सुकाणूपाशी उभी राहा," भाची म्हणाली. "नजर समोर. आता हात वर कर."

मावशीची बोटं छताला टेकली. "झालं ना? पाड भोक."

"टाचा टेकव."

"टेकल्यात."

"मावशी, मी तुझ्या पायांकडेच बघतेय."

टाचा खाली आल्या, तसा हातही छतापासून वीतभर खाली आला.

"मी आहे ना," बाकावरून काका म्हणाले. "कशाला एवढा आटापिटा?"

भाचीने छतातून खाली मुठीपर्यंत येणारे दोन्ही गज हातात घेतले. जाड छतांनाही पुरावेत म्हणून ते लांबच येतात. सगळे जण ते कापून मूठ छतालगत बसवतात. डावा तिने कापला. उजवा मावशीच्या वाकवलेल्या हाताशी धरून पाहिला आणि करवत पेटीत ठेवून दिली.

"लोंबकळेल ते," काका म्हणाले. "आणि माझं टाळकं शेकेल, ते वेगळंच."

"तुमच्या उंचीला माझा इलाज नाही, काका."

"दोन बाजू दोन तऱ्हेच्या. गिऱ्हाइकं हसतील."

"हसू देत," मावशी म्हणाली. "मासा लागला की गप्प बसतात."

लांब गज नुसता सोडला तर जोर लावताच डुगडुगला असता. म्हणून भाचीने त्याला अ‍ॅल्युमिनियमचं कडं करून छत तोलणाऱ्या पाइपाशी जखडायची सोय केली. मग भोकं पाडली. छताच्या पोटातला फोम कडेकडेने कोरून काढला, तिथे पाणी झिरपू नये म्हणून रेझिन भरलं, ते वाळल्यावर त्यातून पुन्हा भोक पाडलं. आता हे काम कुणाच्या नजरेला पडणार नव्हतं, तरी तिने त्याची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासली. फटी बुजवणारं सीलंट लावून तिने बोल्ट आवळले. एक थोडा, मग समोरचा थोडा, सगळीकडे दाब सारखा यावा म्हणून.

मावशी सुकाणूपाशी आली. डावा हात चाकावर, नजर समोर. उजवा कोपरात वाकवून तिने मूठ धरली आणि फिरवली. खांदा उचलावाच लागला नाही. वर दांडा सावकाश पाण्यावर सरकला आणि खाचेत बसला. तिने तो आत घेतला, पुन्हा बाहेर काढला. आणखी एकदा.

काका पाहत राहिले. मग उठले आणि पुढे जाऊन बोट धक्क्याला बांधलेल्या दोराजवळ वाकले.

"सोडू का?"

"थांबा," मावशी म्हणाली. "मी सांगते तेव्हा."